चढणारी माती मोजता, उतरणारी कोण मोजणार?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका खुल्या कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती. मंडपात चार कूलर, पाण्याचे जार आणि पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रंगांचा नकाशा. सल्लागाराकडून आलेला पोरगेलासा अभियंता सांगत होता, की खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांना उतार देऊन वर झाडं लावून झाली की तिथून वाहून येणारा गाळ संगणकावरच्या मॉडेलनुसार मर्यादेत राहील. मागच्या रांगेतले एक काकाजी उठून म्हणाले, "तुमचं माडल राहू द्या जी बाजूले. माया वावरात गाय भरला, त्याचं काय करता ते सांगा." वणीकडच्या बोलीत ळचा य होतो, गाळाचा गाय होतो. महिन्याभरानं इतिवृत्त हाती आलं, तर त्यात नोंद: 'शेतात गुरे शिरत असल्याबाबत तक्रार.'

आम्ही पोट धरून हसलो. पण त्या दिवशीची अख्खी चर्चाच अशी एकमेकांच्या डोक्यावरून गेली होती. एका बाजूचं म्हणणं, मॉडेल शास्त्रीय आहे, म्हणजे प्रश्न मिटला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आम्ही डोळ्यांनी पाहतो, म्हणजे मॉडेल खोटं. पुढे चहाटपरीवर आणि व्हॉट्सअॅपवर त्याचं 'संगणक खरा की शेतकरी खरा' असं झालं, आणि पुढारी, कामगार, पर्यावरणवाले सगळे आपापल्या पाटीखाली जाऊन उभे राहिले. चंद्रपुरात पूर आला की हेच होतं. २००६, २०१३, २०२२, दर वेळी एक गट म्हणतो की ढिगाऱ्यांनी इरई नदी गिळली. दुसरा म्हणतो, वर्धा नदीला पूर आला की इरईचं पाणी मागे फुगतं, वरून धरणाचे दरवाजे उघडतात, त्यात ढिगाऱ्यांचा काय संबंध? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असू शकतात. पण किती थोड्या, हे सांगणारं मोजमाप या भांडणात कुणी टेबलावर ठेवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मॉडेल हवं, आणि खाणीपेक्षा शेतकऱ्याला ते जास्त हवं. फक्त ते दाखला म्हणून नको, नजर अंदाज म्हणून हवं. पैसेवारीचा, म्हणजे गावात पीक किती पिकलं हे पैशांत सांगण्याचा, खेळ आपल्याला काही नवा नाही. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि मध्ये कुठेतरी प्लॉट आखून पीक कापणी प्रयोग. कुणी धुऱ्यावरूनच पाहून ६५ पैसे लिहून मोकळं झालं, तर आपण 'पैसेवारीच बंद करा' म्हणतो का? कापणी प्रयोग कुठल्या वावरात झाला, वजन कुणाच्या समोर केलं, हे विचारतो. तहसीलवर मोर्चा जातो तो अंदाज करू नका म्हणून नव्हे, अंदाज वावरात येऊन तपासा म्हणून. गाळाच्या मॉडेलबद्दल आपली मागणी याहून वेगळी का असावी?

मॉडेल नकोच म्हणणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा अनुभवाचा आहे, आणि तो मला मनापासून पटतो. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पाळ कुठे घालायची, सांडवा कुठून काढायचा, हे ठरवलं ते कुठल्या छापील सूत्रावरून नव्हे. त्यातले कित्येक आजही पाणी धरून आहेत. मग आपल्यालाच संगणकाची ही हौस कशाला? तर त्या जाणत्यांकडेही मॉडेल होतंच. ते कागदावर नव्हतं, डोक्यात होतं, आणि कितीतरी पावसाळ्यांनी ते घासूनपुसून घेतलेलं होतं. कुठल्या टेकडीवरून किती पाणी उतरतं, हे आजोबानं पाहिलेलं आणि पणजोबानं सांगितलेलं असायचं. खाणीच्या ढिगाऱ्याला आजोबा नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती टेकडी तिथे नव्हतीच. जमिनीत जे वर होतं ते तिच्यात खाली गेलं आहे आणि जे खाली होतं ते वर आलं आहे. काळी माती, तिच्याखालचा मुरूम, वालुकाश्म, कोळशालगतची करडी शेल, सगळं डंपरनं एकत्र उलटवलेलं. माथा डंपरच्या चाकांनी दगडासारखा दाबलेला, कडा भुसभुशीत. अशा जमिनीवर चार तासांत शंभर मिलिमीटर पडला तर काय होतं, हे गावातला कुठलाही म्हातारा सांगू शकत नाही, कारण त्यानं तशी जमीनच पाहिलेली नाही. जिथे अनुभव थांबतो तिथेच अंदाजाची गरज सुरू होते.

दुसरा आक्षेप जास्त तिखट आहे: 'मॉडेलमधून मालक सांगेल तो आकडा निघतो.' हाही खोटा नाही, आणि कसा खरा आहे ते पाहायला थोडं आकड्यांत शिरावं लागेल. पाऊस किती मुरला आणि किती वाहिला, हे काढायला जगभर कर्व्ह नंबरची पद्धत वापरतात. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं ती १९५० च्या दशकात शेतांसाठी आणली. जमीन जितकी पाणी न पिणारी, तितका हा नंबर १०० च्या जवळ. आता शंभर मिलिमीटर पाऊस धरा. नंबर ८० घेतला तर सुमारे ५० मिलिमीटर वाहून जातो. ९० घेतला तर ७३. शंभर हेक्टरच्या ढिगाऱ्यावर एका पावसात हा फरक झाला सुमारे २२ हजार घनमीटर पाण्याचा, आणि तो झाला तक्त्यातली एक ओळ सोडून दुसरी धरल्यानं. इतक्यावर भागत नाही. पाणी वाहायला लागण्याआधी जमीन किती पिते, त्यासाठी आपल्याकडे ओल्या काळ्या मातीला ०.१ चा गुणक लावतात आणि इतर जमिनीला ०.३ चा. नंबर तोच ८० ठेवला तरी एका गुणकानं ५६ मिलिमीटर निघतात, दुसऱ्यानं ४५. मग उलटवलेल्या ढिगाऱ्याला काळी माती म्हणायचं की नाही? हे ठरवतो तो माणूस एसीत बसलेला असतो, आणि ठरवताना त्याला कुणीच काही विचारत नाही.

गाळाचं सूत्र तर त्याहून नाजूक. विशमायर आणि स्मिथ या दोघांचं ते समीकरण अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९६५ मध्ये आणि मग सुधारून १९७८ मध्ये छापलं. पावसाचा मारा, मातीचा कच्चेपणा, उताराची लांबी आणि चढ, आच्छादन, बांधबंदिस्ती यांचा तो गुणाकार आहे. ज्या नमुना प्लॉटवर ते बेतलं, त्याची लांबी २२.१ मीटर आणि उतार ९ टक्के. आपल्या पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा असं लिहिलेलं असतं. २८ अंश म्हणजे ५३ टक्के. नांगरट होणाऱ्या वावराचं माप घेऊन आपण कौलारू छपराची वळचण मोजायला निघालो आहोत. खाणीच्या जमिनीसाठी या समीकरणाची सुधारित आवृत्ती आहे, १९९८ मध्ये तिची मार्गदर्शिकाही निघाली. पण मुळात हे समीकरण पृष्ठभागावरून आणि बारीक ओघळांतून जाणारी माती मोजतं, तीही वर्षाची सरासरी. घळी ते मोजत नाही. आणि ढिगाऱ्यावरून वावरात येतो तो गाळ सगळ्यात जास्त कुठून येतो? ज्यानं पावसाळ्यानंतर एकदा तरी ढिगाऱ्याच्या कडेनं चक्कर मारली आहे तो सांगेल, की घळींतून. माणूस उभा राहिला तर डोकं दिसणार नाही अशा घळी. त्यातच फुकट मिळणारा उपग्रहाचा उंचीनकाशा वापरला असेल, तर त्याचा एक चौकोन ३० मीटरचा. ढिगाऱ्याच्या पायऱ्या त्यात विरघळून जातात आणि संगणकाला दिसतो एक गुळगुळीत उतार. पायरी जिथे खचली आहे, जिथून पाण्यानं वाट काढली आहे, ती जागा नकाशात नसतेच.

एवढं ऐकल्यावर काकाजी म्हणतील, मग फेका ना ते माडल नाल्यात! इथेच मी त्यांच्यापासून वेगळा होतो. वरची प्रत्येक चूक मला पकडता आली ती मॉडेल असल्यामुळे. कुठला नंबर घेतला, कुठला गुणक, कुठला नकाशा, हे लिहिलेलं असतं, म्हणून त्यावर बोट ठेवता येतं. 'सगळं नियमात आहे' या वाक्याची उलटतपासणी कशी करणार? अंदाज चुकणं ही तक्रार नाही. माझी तक्रार ही, की तो चुकला की नाही हे पाहायला पावसाळ्यात कुणी नाल्यावर येत नाही, आणि मॉडेलची कागदपत्रं अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात अशी पडलेली असतात की ती मराठीत मिळणं सोडाच, इंग्रजीतही पूर्ण मिळत नाहीत.

आता गाळ अडवणाऱ्या तळ्यांकडे येऊ, कारण दोन्ही बाजूंचा सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. खाणवाले म्हणतात तळं बांधलंय, गाववाले म्हणतात तळं असून गढूळ पाणी येतं, म्हणजे ते कागदावरचं तळं. मागच्या ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस झाला, तेव्हा सकाळी सहाला मी आमच्या पुलाखालून लिटरभराच्या बाटलीत नाल्याचं पाणी भरलं आणि खिडकीत ठेवलं. दोन-चार मिनिटांत तळाशी करंगळीएवढी वाळू बसली. दुपारपर्यंत तिच्यावर मऊ करड्या गाळाचा थर आला. वरचं पाणी मात्र दुधाच्या चहासारखं, ते तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी आईनं वैतागून बाटलीत तुरटीचा खडा फिरवला, तेव्हा कुठे तासाभरात निवळलं. खाणीच्या तळ्यात नेमकं हेच होतं. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर पाण्यातून तळाला जायला दोनेक मिनिटं घेतो. दोन सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तेवढंच अंतर जायला तीन दिवसांहून जास्त घेतो, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर. शंभर हेक्टरच्या ढिगाऱ्यावर तासाला ३० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस पडतोय आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहतंय असं धरलं, तर सेकंदाला ५ घनमीटर पाणी तळ्यात येतं. वाळू अडवायला सहा गुंठ्यांचं तळं पुरतं. दोन शतांश मिलिमीटरची बारीक पोयटा माती अडवायला साडेतीन एकर लागतात. आणि ती चहासारखी चिकणमाती अडवायची तर जवळजवळ १४० हेक्टर. म्हणजे ढिगाऱ्याहून मोठं तळं!

म्हणून 'तळं आहे की नाही' हा प्रश्नच अपुरा आहे. तळं खरं असतं, वाळू अडवत असतं, आणि तरीही खालच्या विहिरीजवळचं पाणी गढूळच राहतं. खाणवाला खोटं बोलत नाही आणि काकाजीही खोटं बोलत नाहीत. दोघं वेगवेगळ्या आकाराच्या कणांबद्दल बोलत आहेत. मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याभोवतीच्या चऱ्या आणि खड्डे मोठ्यातल्या मोठ्या पावसाहून ५० टक्के जास्तीच्या हिशेबानं बांधावेत असं असतं, आणि गाळ बसायला पाणी 'पुरेसा' वेळ थांबावं असंही असतं. पुरेसा, पण कुठल्या कणासाठी? हा एक शब्द अटीत घातला असता तर निम्मं भांडण मिटलं असतं. चिकणमाती तळ्यात अडत नसेल तर ती उतारावरून सुटूच द्यायची नाही, हा एकच मार्ग उरतो. म्हणजे गवत, पालापाचोळा, उताराला तोडणाऱ्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवरचं पाणी खाली आणणारी दगडी उतरण. फार तर तळ्याच्या तोंडाशी तुरटीसारखं काही. हे सगळं मला त्या तिरसट सूत्रांनीच शिकवलं. बाटलीनं प्रश्न दाखवला, पण तळं किती मोठं लागेल हे बाटली सांगत नाही.

खाणीच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा अजून बाकी आहे, आणि आपले कार्यकर्ते तो ऐकूनच घेत नाहीत. 'खाण नव्हती तेव्हाही हा नाला गढूळच होता.' होता ना! काळ्या मातीच्या मुलखात पहिल्या पावसाचं पाणी कधी निवळशंख असतं का? पऱ्हाटीच्या दोन ओळींमधली उघडी जमीन आणि उतारालाच काढलेले तास, यांतून आपणही दर वर्षी नाल्याला माती देतो. अमेरिकेत हाच वाद झाला. तिथल्या कोरड्या पश्चिमेकडच्या खाणींनी सांगितलं, की आमच्याकडे नदीला मुळातच भरपूर गाळ असतो. आम्ही तळ्यांतून नितळ पाणी सोडलं तर ते भुकेलं पाणी खालचे काठ खातं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं २००२ मध्ये हे मान्य केलं आणि अशा खाणींसाठी नियम बदलला: पाण्यातल्या गाळाचा ठराविक आकडा पाळण्याऐवजी, खाणीनंतर सुटणारा गाळ खाणीच्या आधीपेक्षा जास्त नसेल, हे मॉडेलनं दाखवा आणि त्याप्रमाणे उतारावर कामं करा. म्हणजे मॉडेल आणि जुना गाळ, दोन्हींना कायद्यात जागा मिळाली. पण त्या सवलतीची किंमत पाहा. 'आधी किती होता' हे सांगायला आधीचं मोजमाप लागतं. आमच्याकडे तेच कुणी करून ठेवलेलं नाही, आणि ज्यानं मोजलं नाही तोच आता 'आधीही होताच' म्हणतो. शिवाय तो मुलूख कोरडा. आमच्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत. आधीचं मोजमाप हुकलं असेल तर अजूनही एक उपाय हातात आहे. शेजारचा, तशाच काळ्या मातीतला, पण वर खाण नसलेला नाला घ्या. एकाच पावसात दोन्हीकडचं पाणी भरा. तफावत काय ते दोन नालेच सांगतील.

'झाडं लावली की झालं' हा समज मात्र मला सवलत देण्याजोगा वाटत नाही. कोल इंडियाची नियोजन संस्था खाणींच्या पुनर्भरण झालेल्या जमिनीवर उपग्रहातून नजर ठेवते; मोठ्या खाणींवर दर वर्षी, लहान खाणींवर तीन वर्षांतून एकदा. चांगली सोय आहे. पण उपग्रहाला दिसतो तो शेंडा. सुबाभळीखाली, बांबूखाली जमीन उघडी आहे की पाचोळ्यानं झाकलेली, हे त्याला दिसत नाही, आणि माती धरून ठेवतं ते जमिनीलगतचं. उंच पानावरून गळणारा थेंब खाली येईपर्यंत पुन्हा वेग घेतो आणि उघड्या मातीवर तसाच आदळतो. कुसळ, पवन्या, मारवेल यांचं दाट गवत दहा गुलमोहरांना भारी पडतं, हे ढोरं चारणारा कुणीही सांगेल. पण गवताच्या लागवडीचं उद्घाटन करायला पाहुणा येत नाही. फोटोला झाडच लागतं.

मोजमाप महाग पडतं, अवघड असतं, असं सांगितलं जातं. मग मला एक सांगा. खाणीतून माती उपसून ढिगाऱ्यावर टाकण्याचं काम ठेकेदाराला असतं आणि त्याचे पैसे घनमीटरवर मिळतात. ती माती मोजायला सर्व्हे पथक असतं, यंत्रं असतात, आता ड्रोनही असतात, आणि दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले तर चौकशी लागते. म्हणजे वर चढणाऱ्या मातीचा घनमीटर न् घनमीटर हिशेबात आहे. तीच माती पावसात खाली उतरली की ती कुणाचीच नाही! पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा त्याच ड्रोननं तोच ढिगारा उडून पाहिला, तर किती माती गेली हे घरबसल्या कळेल, घळींसकट. यंत्र तेच, माणूस तोच. फक्त प्रश्न उलटा विचारायचा आहे.

पाण्याच्या नमुन्याचंही तसंच. कोळसा खाणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरंगत्या गाळाची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम, हे २००० सालापासून नियमात आहे, आणि तपासणी पंधरवड्यातून एकदा. पण वर्षाचा बहुतेक गाळ पाच-सात पावसांत जातो, आणि त्यातले कित्येक रात्री पडतात. पंधरवड्याच्या तारखेला, लख्ख उन्हात, अकरा वाजता बाटली भरली तर पाणी नितळच असणार. त्यात नमुना घेणाऱ्याचा दोष नाही, तारखेचा आहे. आता महसूल मंडळांत पाऊस मोजणारी महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की त्याला अतिवृष्टी म्हणायचं आणि पंचनाम्याला निघायचं, हे आपल्या महसूल यंत्रणेला पाठ आहे. मग त्याच ६५ च्या आकड्यावर नाल्याचा नमुनाही का भरू नये? नमुना गाळायचा, वाळवायचा, तोलायचा. तालुक्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला हे जमण्यासारखं आहे. मॉडेल म्हणालं होतं इतका, नाला म्हणतो इतका. दुसऱ्या वर्षी कर्व्ह नंबर बदलायचा, तिसऱ्या वर्षी पुन्हा. तीन-चार पावसाळ्यांत त्या आजोबा नसलेल्या टेकडीलाही थोडा अनुभव येईल.

'हे सगळं होईतो आमचं वावर बुडालं, आधी नाला तरी उपसा,' असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. उपसा, याच उन्हाळ्यात उपसा. पण वरून किती येतं हे न मोजता दर वर्षी खाली उपसत राहणं म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. शिवाय गाळ एका जागी बसून राहत नाही. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर धुतले जायचे. खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि नद्यांची पात्रं मातीनं भरली, आणि १८८४ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती माती नद्यांत सोडायला बंदी घातली. शेतकरी जिंकले. पण गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञानं १९१७ मध्ये दाखवलं, की बंदीनंतर कितीतरी वर्षं तो गाळ नदीतून लाटेसारखा पुढे सरकत होता, वरचं पात्र मोकळं होत होतं तेव्हा खालचं भरत होतं. आज आमचा नाला भरतोय. उद्या निर्गुडेचं पात्र, परवा वर्धेचं, आणि तोवर खाण बंद होऊन कार्यालयाला कुलूप लागलेलं असेल. वेल्समधल्या एबरफानचं उदाहरण मी जनसुनावणीत दिलं तर 'भीती घालू नका' म्हणाले. १९६६ मध्ये तिथे खाणीचा ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. ढिगाऱ्याखाली झरा होता आणि तो जुन्या नकाशावर छापलेला होता. धोक्याची पत्रंही आधी लिहिली गेली होती. नकाशा होता, लोकांचा अनुभव होता; दोन्ही एका टेबलावर कुणी ठेवले नाहीत. मी घाबरवत नव्हतो, टेबलाबद्दल बोलत होतो.

राहता राहिला पैसा. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून खाण बंद करण्याचा खर्च आधीच वेगळ्या खात्यात भरावा लागतो; तेव्हाचा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये. कामं होतील तसे त्यातले पैसे परत मिळतात. माझी मागणी इतकीच, की परतफेडीच्या कागदांत 'इतकी झाडं लावली' याच्याबरोबर दोन आकडे सक्तीचे असावेत, मॉडेलचा आणि नाल्याचा, आणि ते गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत. अमेरिकेच्या १९७७ च्या खाण कायद्यात शेवटच्या पेरणीनंतर किमान ५ वर्षं, आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडतो तिथे १० वर्षं, जमिनीची जबाबदारी खाणवाल्यावर राहते. आपल्याकडचे जाणते यावर हसणार नाहीत. मालगुजारांच्या काळात तलावाचा गाळ उन्हाळ्यात बैलगाड्यांनी वावरात जायचा, कारण तलावही त्यांचा आणि वावरही त्यांचं होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ते चांगलंच झालं, पण तलाव सरकारचे झाल्यावर तो गाळ कुणाचा, हे बरीच वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि तलाव उथळ होत गेले. कोळशासाठी १९५७ च्या कायद्याखाली घेतलेली जमीन शेतकऱ्याकडे परत येत नाही. तिच्यावरून उतरणारी माती मात्र दर वर्षी त्याच्याकडेच येते.

आमच्या पुलाच्या खांबावर शाळेतल्या पोरांनी दोन वर्षांपूर्वी ऑइलपेंटनं फुटाफुटावर रेघा मारल्या. पाणी किती चढलं हे लिहून ठेवायचं म्हणून. वरून आठ, सात, सहा अशा आकडे घालत खाली एकपर्यंत आल्या होत्या. परवा जनसुनावणीच्या दुसऱ्या फेरीआधी फोटो काढायला गेलो, नाला कोरडाच होता. तिसऱ्या रेघेपर्यंत मोजता आल्या. एक आणि दोन गाळाखाली आहेत.